हाताखाली कोणी नसताना

प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये बढती मिळते ती नेमकी कशाची, असं कोणी विचारलं की मी पूर्वी विषय बदलायचे. विक्रीवाल्याचा आकडा असतो. तिमाही संपली की तो भरला की नाही एवढाच प्रश्न उरतो. इंजिनिअरचा कोड चालतो किंवा चालत नाही. आमचं काय? सौदा जमला तर विक्रीवाल्यानं जमवला, हुकला तर 'मेसेजिंग कमी पडलं'. नवं फीचर लोकांनी उचललं तर ते मुळातच भारी होतं, पडून राहिलं तर 'लाँच नीट झाला नाही'. टीममध्ये नवीन येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकते, की बाबांनो, श्रेयाची आशा धरून आला असाल तर विक्रीत जा. तिथं निदान कमिशन तरी मिळतं.

काम तसं थोडक्यात सांगता येतं. ही वस्तू कोणासाठी आहे, तो माणूस आज तिच्याऐवजी काय वापरतो, ते सोडून त्यानं आपलं का घ्यावं आणि त्याचे किती पैसे मोजावेत. या प्रश्नांची उत्तरं शोधायची आणि मग अख्ख्या कंपनीला तीच उत्तरं द्यायला लावायची. पहिला भाग अभ्यासाचा. दुसऱ्या भागात माणसाचा कस लागतो, कारण ज्यांच्याकडून हे करून घ्यायचं त्यातलं कोणीच तुमच्या हाताखाली नसतं. प्रॉडक्टचा प्रमुख वेगळा, विक्रीचा वेगळा, सपोर्टचा वेगळा. तुम्ही मॅनेजर व्हा, सीनियर मॅनेजर व्हा, डायरेक्टर व्हा. पगार वाढतो, व्हिजिटिंग कार्डावरची ओळ लांबते, पण तुमच्याकडे रजेचा अर्ज टाकणारी माणसं चारपाचच राहतात. बाकी शेदोनशे माणसं तुमचं ऐकतात ती ऐकावंसं वाटलं तरच.

मग ऐकावंसं कधी वाटतं? मला याचं उत्तर चाकणच्या एका कारखान्यात मिळालं.

आमचं सॉफ्टवेअर कारखान्यातल्या यंत्रांच्या देखभालीसाठी. कोणतं मशीन कधी बंद पडलं, कोणी दुरुस्त केलं, कुठला सुटा भाग संपत आलाय, हे सगळं मोबाइलवर. चाकणच्या त्या गिऱ्हाइकानं डेमो पाहिला, चाचणीसाठी वापरून पाहिलं, कौतुकही केलं आणि शेवटी नाही म्हणाले. आमच्या सीआरएममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सौदा हुकल्याचं कारण लिहिलेलं होतं : किंमत. हे कारण मला कधीच खरं वाटत नाही. हरलेला विक्रेता संध्याकाळी दमून फॉर्म भरतो आणि यादीतलं ज्यात आपला दोष नाही असं पहिलं कारण निवडतो. किंमत काही त्यानं ठरवलेली नसते.

म्हणून मी फोन करून गेले. मेंटेनन्सचे प्रमुख निवृत्तीला आलेले गृहस्थ. केबिनमध्ये चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, विकायला आलात का विचारायला?"

"विचारायला."

"मग चहा नंतर. आधी आत चला."

सेफ्टी शूज चढवून, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालत आम्ही प्रेस शॉपमध्ये गेलो. एका खांबाला सुतळीनं नोंदवही टांगलेली होती. पेनही सुतळीलाच. पानांचे कोपरे तेलकट अंगठ्यांनी काळे झालेले. त्यांनी आदल्या रात्रीचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. तीन वेगवेगळी अक्षरं, दोन शाया, एका नोंदीभोवती लाल गोल. "सकाळच्या पाळीचा फिटर येतो, डबा ठेवतो आणि हे पान वाचतो. अख्खी रात्र एका पानावर. हा लाल गोल दिसला की त्याला कळतं आधी कुठं जायचं. तुमच्यात काय आहे? प्रत्येक काम वेगळं उघडायचं. तेही हातमोजे काढून. सांगा, कोण काढणार?"

मी सांगण्यासारखं काही नव्हतं. मी परवानगी घेऊन पानाचा फोटो काढला. मशीनचे नंबर झाकून, अर्थात.

पुढच्या आठवड्यात प्रॉडक्टची बैठक होती. आमचा प्रॉडक्टचा प्रमुख अमेरिकेत बसतो, हुशार माणूस, पण त्या दिवसांत त्याच्या डोक्यात सेन्सर आणि बिघाडाचं भाकीत याखेरीज काही नव्हतं. स्पर्धक कंपन्यांची तुलना करणारी स्लाइड माझ्याकडे तयार होती. हिरव्या-लाल खुणांचा तो तक्ता प्रत्येक कंपनीत असतो आणि त्यात दर वेळी आपणच हिरवे असतो. मी ती दाखवली नाही. नोंदवहीचा फोटो लावला आणि म्हटलं, की चाकणमध्ये आपण हिच्याकडून हरलो. बराच वेळ चर्चा झाली, आवाजही चढले. पण वर्षभरात आमच्या ॲपची पहिली खिडकी बदलली. पाळीचं एक पान, सगळ्या नोंदी एकाखाली एक, लाल गोलासकट. आमच्या वेबसाइटवरचं 'प्रेडिक्टिव्ह' हे लाडकं विशेषण खाली सरकलं आणि वर आलं, पाळी बदलताना काही निसटू नये म्हणून.

त्या बैठकीत माझा हुद्दा तिथल्या निम्म्या लोकांपेक्षा खालचा होता. पण चाकणला गेलेली मी एकटीच होते. प्रॉडक्ट मार्केटिंगमधला अधिकार हा असा येतो. विकत घेतलेल्यांशी सगळेच बोलतात, त्यांचे कौतुकाचे व्हिडिओ काढतात. न घेतलेल्यांशी बोलायला कोणी जात नाही, आणि जो जातो त्याच्यापाशी असं काही असतं जे खोलीतल्या दुसऱ्या कोणापाशीच नसतं.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी वाटायचं खरं तर कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आपण शाळेपासून ऐकत आलोय. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि मग नांगर. पहिला नांगर खपायला दोनेक वर्षं लागली असं सांगतात, कारण लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट आपल्याकडे चिकाटीचा धडा म्हणून सांगितली जाते. मी आता ती वेगळी वाचते. लक्ष्मणरावांची स्पर्धा दुसऱ्या कुठल्या लोखंडी नांगराशी नव्हतीच. स्पर्धा होती गावच्या सुतारानं घडवलेल्या लाकडी नांगराशी, जो शेतकऱ्याच्या बापानं वापरला होता, मोडला तर गावातच दुरुस्त होत होता आणि ज्याच्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. नांगराची धार कितीही वाढवली असती तरी विषाची भीती तिनं गेली नसती. ती घालवायला वेगळंच काम लागणार होतं.

त्या कामाचा पुढचा भाग मला जास्त आवडतो, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथं जाहिरातीचं आणि विक्रीचं पाहत होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. पिंडानं चित्रकार. त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारं पत्र, एवढाच मूळ हेतू. त्या पत्राचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. मागोमाग १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघालं, आणि मराठी मध्यमवर्गाची वाचनाची सवयच या तीन मासिकांनी घडवली. आमच्या धंद्यात आज 'कंटेंट' नावाचा जो प्रकार चालतो, दर मंगळवारी ब्लॉग आणि दर गुरुवारी वेबिनार, त्यातलं काय शंभर वर्षांनी कोणाला आठवणार आहे? नांगर विकायला निघालेल्या माणसानं स्त्रियांसाठी मासिक काढावं, याचं समर्थन आजच्या कुठल्याही तिमाही आढाव्यात करून दाखवावं. मी असते तरी बजेट मिळवू शकले नसते.

अमेरिकेतली गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त तिचा शेवट फारच अफाट आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकएलरॉय नावाचा २६ वर्षांचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिराती पाहत होता. कॅमेची स्पर्धा बाहेरच्या साबणांशी होतीच, पण घरच्याच आयव्हरीशीही होती, आणि कंपनीचं सगळं लक्ष आयव्हरीकडे. १३ मे १९३१ रोजी त्यानं वरिष्ठांना तीन पानांचं टिपण लिहिलं. एका पानात आटपा, असा जिथला शिरस्ता, तिथं तीन पानं. मागणी अशी, की प्रत्येक ब्रँडसाठी एक स्वतंत्र माणूस हवा आणि त्याच्या हाताशी लहानशी टोळी हवी. ब्रँड मॅनेजर, प्रॉडक्ट मॅनेजर, प्रॉडक्ट मार्केटिंग मॅनेजर अशा आजच्या पदांचा वंशवृक्ष त्या टिपणापर्यंत पोचतो. आम्हा लोकांना ते पाठ असतं, निदान त्याचं नाव तरी. पण त्यातला जो भाग मला महत्त्वाचा वाटतो तो सहसा कोणी सांगत नाही. ज्या भागात आपला माल खपत नाही त्या भागात या माणसानं स्वतः जावं, दुकानदारांशी आणि गिऱ्हाइकांशी बोलावं आणि दुखणं शोधावं, असं मॅकएलरॉयनं लिहून ठेवलंय. खपतो तिथं नव्हे, खपत नाही तिथं.

हा माणूस १९४८ साली कंपनीचा अध्यक्ष झाला. १९५७ साली तो अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला, तेही नेमकं रशियाचा स्पुटनिक आकाशात जाऊन जेमतेम आठवडा होत असताना. साबणवाला काय संरक्षण करणार, असं तेव्हा कोणीतरी म्हणालं असेलच. त्याच्याच कारकिर्दीत, १९५८ साली, 'आर्पा' ही संशोधन संस्था उभी राहिली आणि तिच्या पैशातून पुढं आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज जन्माला आला. तुम्ही हा लेख ज्या तारांवरून वाचताय त्यांच्या मुळाशी कुठंतरी कॅमे साबणाचा वास आहे. प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये पुढं काय, असं कोणी विचारलं की मी ही गोष्ट सांगते. उत्तर म्हणून तिचा उपयोग शून्य, पण समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

प्रॉक्टर अँड गॅम्बलमधूनच बाहेर पडलेल्या स्कॉट कुकनं १९८३ साली 'इन्ट्युइट' सुरू केली. घरच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बाजारात आधीच ढीगभर होतं. कुकनं मानलेला प्रतिस्पर्धी होता पेन्सिल. चेकबुक आणि पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलेल्या माणसापेक्षा लवकर काम होत नसेल तर आपलं सॉफ्टवेअर कोण घेणार, हा त्याचा हिशेब. त्यांची माणसं गिऱ्हाइकाच्या मागोमाग त्याच्या घरी जाऊन तो प्रोग्राम कसा बसवतो, कसा वापरतो ते शांतपणे बघत बसायची. घरासाठी बनवलेलं ते 'क्विकन' लोक आपल्या छोट्या धंद्यासाठी वापरतात हे कंपनीला आढळलं. त्या छोट्या धंदेवाल्यांना खरंखुरं अकाउंटिंग नकोच होतं. त्यातून १९९२ साली 'क्विकबुक्स' आलं. लाकडी नांगर, पेन्सिल, सुतळीला टांगलेली नोंदवही. मालिका एकच आहे.

आता बढतीकडे येते, कारण खरी अडचण तिथं सुरू होते. तुम्ही वर जाता तसं हे फिरणं बंद होतं. डायरेक्टर झालं की कॅलेंडरात बैठकांखेरीज काही दिसत नाही. बजेट, भरती, आढावा, आढाव्याची तयारी. गिऱ्हाइकाचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो तो तिघांनी गाळून, स्लाइडवर तीन ठिपके होऊन. ज्या बळावर तुम्ही वर आलात तेच बळ वर आल्यावर आटत जातं. बहुतेक जण मग हुद्द्यावर बोलायला लागतात, आणि या कामात हुद्द्याला किती वजन असतं ते वर सांगितलंच.

दुसरी गोष्ट पैशांची, आणि हिच्याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. आमच्या क्षेत्रात लिहिण्या-बोलण्यातून आलेली माणसं पुष्कळ. मी स्वतः तांत्रिक मॅन्युअल लिहिता लिहिता इकडे आले. ही माणसं, त्यातही बायका, शब्दांच्या कामात इतक्या चांगल्या असतात की कंपनी त्यांना शब्दांतच ठेवते. "तुझी डेक किती सुंदर असते!" डेक म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइड्सचा संच. हे वाक्य मी अनेक वर्षं कौतुक समजत होते असं नाही, पण ते ऐकायला गोड लागायचं हे खरं. किंमत ठरवायच्या बैठकीला मात्र फायनान्स, विक्री आणि प्रॉडक्ट. आपल्याला नंतर निरोप येतो, की हे आकडे ठरलेत, आता पान बनवा. माझ्या पाहण्यातल्या अनेक जणी डायरेक्टरपाशी थांबल्या त्या इथं. किंमत हाच सगळ्यात मोठा संदेश असतो आणि तो दुसऱ्यांनी लिहिला तर आपण फक्त सुवाच्य अक्षरात उतरवून काढणारे उरतो.

आमच्याकडे किंमत दर वापरकर्त्यामागे होती. बऱ्याच सॉफ्टवेअरची असते. पण कारखान्यात तीन पाळ्या. मालक तीसचाळीस फिटरांसाठी वेगवेगळे पैसे कशाला भरेल? तो एक लॉगिन घेतो आणि पासवर्ड भिंतीवर चिकटवतो. मग प्रत्येक दुरुस्ती एकाच नावावर, कोणी काय केलं ते कळत नाही, नोंदींना अर्थ उरत नाही आणि वर्षअखेरीला गिऱ्हाइक म्हणतं, तुमच्या सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. मी म्हणत होते, किंमत दर मशीनमागे लावा, माणसं कितीही येऊ द्या. फायनान्सच्या प्रमुखांना ते धोक्याचं वाटत होतं आणि त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. चालू करारांचं काय, हा त्यांचा प्रश्न खरा होता. त्या बैठकीला मला बोलावणं नव्हतं. मी सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांची यादी केली, प्रत्येकाकडे किती माणसं आणि किती लॉगिन होते ते शेजारी मांडलं आणि फायनान्सच्या प्रमुखांकडे दुपारच्या चहाला गेले. एक्सेलची एक शीट, रंगसंगती काही नाही. पुढच्या बैठकीला त्यांनीच मला बोलावलं. नव्या गिऱ्हाइकांसाठी दर मशीनमागे किंमत मान्य झाली. जुन्यांचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

त्यानंतर माझी ओळख बदलली, एवढं नक्की. 'डेक करणारी' हे नाव मागं पडलं.

पुण्यात बसून हे काम करण्याची एक वेगळीच गंमत आहे. बाणेर, बालेवाडी, खराडीच्या काचेच्या इमारतींतून जगभरच्या गिऱ्हाइकांसाठी वस्तू बनतात, पण त्यांची गोष्ट सांगायचा मान बराच काळ कॅलिफोर्नियाकडे होता. आपण त्यांच्या इंग्रजीचे स्वल्पविराम तपासायचे. रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे आठ; त्यांची कॉफी नुकती हातात आलेली असते आणि आपल्याकडे कुकरची शिट्टी म्यूट करण्याची घाई. ते चित्र बदलतंय, पण मोठ्या पदांची जाहिरात निघते तेव्हा ठिकाणाच्या रकान्यात अजून बहुधा तिकडचंच शहर असतं. कारण म्हणून सांगतात, की गिऱ्हाइकाजवळ असलेलं बरं. अगदी मान्य. फक्त मग गिऱ्हाइकाजवळ जातही जा. ओहायोमधल्या कारखान्याचा फिटर कॅलिफोर्नियातल्या माणसाला जितका परका, तितकाच मलाही, आणि हातमोजे दोघा फिटरांचे सारखेच तेलकट.

नव्या पोरांची भीती हल्ली निराळी असते. ईमेल, पानं, स्पर्धकांचे तक्ते, सगळं आता एआय मिनिटात लिहून देतं. मग आपण काय करायचं? मी त्यांना धीर देत नाही, कारण तक्ते बनवण्यापुरतीच ज्यांची नोकरी होती त्यांची खरोखर धोक्यात आहे. पण आमच्या टीमवर मी एक नियम लादलाय : दर महिन्याला प्रत्येकानं हातचं गेलेल्या एका तरी गिऱ्हाइकाशी स्वतः बोलायचं, विक्रीवाल्याला मध्ये न घेता. सुरुवातीला विक्रीवाल्यांनी बोंब मारली. आपल्या जखमांवर मीठ चोळायला ही पोरं जाणार, असं त्यांना वाटलं. आता तेच विचारतात, अमक्याकडे जाऊन आलात का, काय म्हणाला? मीही जाते. कॅलेंडरात ती वेळ मी 'डॉक्टर' असं लिहून अडवते, नाहीतर तिच्यावर कोणीतरी आढावा ठेवतंच.

सध्या माझ्या हाताखालच्या एका जागेसाठी मुलाखती चालू आहेत. बायोडेटा एकापेक्षा एक. प्रत्येकानं कुठलं तरी लाँच 'लीड' केलेलं, प्रत्येकाच्या फनेलमध्ये, म्हणजे चौकशीपासून खरेदीपर्यंतच्या टप्प्यांत, काही ना काही दुप्पट झालेलं. मी सगळं ऐकून घेते आणि शेवटी विचारते, गेल्या वर्षी तुमच्याकडून निघून गेलेलं एखादं गिऱ्हाइक सांगा, आज ते तुमच्याऐवजी काय वापरतं? नाव नको, गोपनीय असेल, पण काय वापरतं ते सांगा. बरेच जण स्पर्धकाचं नाव घेतात. परवा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ते परत व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले. ग्रुपचं नाव पण सांगू का, 'ब्रेकडाउन ओन्ली, नो गुड मॉर्निंग'." एमबीए नाही, आधी सपोर्टच्या फोनवर बसायची. एचआरचं म्हणणं, या पदासाठी तिचा अनुभव कमी पडतो. माझी त्यांच्याशी उद्या बैठक आहे.